पांढरफळीचा पाला

११ नोव्हेंबर, सोमवार

पतसंस्थेनं वाटलेली पुढच्या वर्षाची डायरी आईनं माझ्या बॅगेत टाकली होती. छापील तारखा खोडून आजपासूनच लिहायला घेतली. नवी नोकरी आहे, नवी खोली आहे, तर नवी सवयही लागू दे.

पोपटरावकाका स्वतः जीप घेऊन चौफुल्यावर आले होते. मोठे बागायतदार, सोसायटीचे चेअरमन, गावात शब्द चालतो, पण माझी बॅग त्यांनी स्वतः उचलून मागं टाकली. भीमेवरचा पूल ओलांडला की आमचा दौंड तालुका संपतो आणि शिरूर लागतो. पाणी अजून काठोकाठ आहे. वडगाव रासाईच्या अलीकडं एक कच्चा रस्ता फुटतो, त्या रस्त्यानं आत वस्ती. दोन्ही बाजूंना जीपच्या टपापेक्षा उंच ऊस. काका म्हणाले, दिवस मावळला की एकटीनं फिरायचं नाही, बिबट्या आहे. मी म्हटलं, आमच्या भांडगावात पण आहे. त्यावर दोघंही हसलो.

घर नवं आहे, दोन मजली, अंगणात ट्रॅक्टर आणि तुळशीवृंदावन. माझ्या खोलीला नदीकडची खिडकी! पुण्यात दोन वर्षं आयसीयूत नाइट ड्यूटी केली, तिथं खिडकीच नव्हती. इथं एकच पेशंट. काकांचा एकुलता एक मुलगा सत्यजीत, माझ्यापेक्षा थोडा लहान. जूनमध्ये हायवेवर मोटारसायकल कंटेनरखाली गेली. पाठीचा कणा गेलाय. हॉस्पिटलनं घरी न्या म्हणून सांगितलं. तेव्हापासून त्याची आई, सविताकाकी, एकटी सगळं करते आहे. बाई वाळून काडी झाली आहे, पण चेहरा प्रसन्न. मला बघून म्हणाल्या, "आलीस का बाई? आता मला जरा पाठ टेकायला मिळंल."

खिडकीतून खाली नदीच्या उताराला एक भलीमोठी काटेरी जाळी दिसते. तिच्यावर पांढरे मणी शिंपडल्यासारखी फळं. बुलबुल नुसते धिंगाणा घालतायत. संध्याकाळी काकींनी वाटीभर तीच फळं आणून दिली. पांढरफळी. लहानपणी शाळेच्या वाटेवर खायचो. गोड आणि किंचित तुरट. सगळी संपवली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज पेशंट नीट तपासला. काकींनी जुने फोटो दाखवले तेव्हा माझा विश्वास बसेना. जुलैमध्ये त्याच्या कमरेवरचा बेडसोर हाडापर्यंत गेला होता, त्यात किडे पडले होते. आज तिथं जखमच नाही. नवी कातडी आली आहे, पांढुरकी, गुळगुळीत. इतकी सुंदर भरलेली जखम मी कुठल्याच वॉर्डात बघितली नाही.

काकी म्हणाल्या, हे बयाबाईचं औषध. बयाबाई शेजारच्या वस्तीवरची धनगराची म्हातारी, इथं गुरांचं बघते. पूर्वी त्यांची मेंढरं होती. मेंढराच्या जखमेत किडे पडले की पांढरफळीचा पाला वाटून त्यात भरायचे. डॉक्टरांनी हात टेकल्यावर काकींनी तिचे पाय धरले. आता रोज सकाळी काकी स्वतः पाला खुडून आणतात आणि पाट्यावर वाटतात.

सत्यजीत फार कमी बोलतो. मला 'सिस्टर' म्हणतो. जेवण नाहीच, फक्त ती फळं खातो. हातपाय गार. नाडी बोटाला नीट लागली नाही. बीपीचं मशीन एरर दाखवतंय, थर्मामीटरवर आकडा येत नाही. गावाहून सेल मागवले. लघवीची पिशवी कोरडी होती, काकी म्हणाल्या आत्ताच रिकामी केली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

फळं तोडायला मी पण जाळीत शिरले. फांदीचं टोकच काटा असतं, डाव्या अंगठ्यात खोल घुसलं. चांगलं रक्त आलं. काकींनी लगेच पाला चुरगाळून वर दाबून धरला, आणि दुसरा हात माझ्या डोक्यावरून फिरवत राहिल्या, "माझी लेकच हायस तू" म्हणत. कळ जागच्या जागी थांबली. संध्याकाळी बघते तर काट्याची खूणही नाही. ह्या पाल्यावर कुणीतरी अभ्यास करायला हवा.

गोठ्यापाशी बयाबाई भेटली. मी कौतुकानं अंगठा दाखवला. ती बघत राहिली. मग हातातली पाटी खाली ठेवून म्हणाली, "लावला व्हय वैनीनं तुला बी?" आणि पाटी उचलून निघून गेली.

१७ नोव्हेंबर, रविवार

नवे सेल घातले. मशीन माझं बीपी दाखवतं. काकींचं दाखवतं. काकांचं वाढलेलं दाखवतं, त्यांना इलेक्शनची धावपळ आहे. सत्यजीतच्या दंडाला लावलं की एरर.

सगळे बाहेर गेल्यावर मी दार लोटलं आणि स्टेथो त्याच्या छातीवर ठेवला. जागा बदलून बदलून ऐकलं. पाठीला लावलं. मानेच्या शिरेवर बोटं ठेवून किती तरी वेळ बसले.

काहीच नाही. बोलायच्या वेळी तो श्वास आत ओढतो. एरवी छाती हलत नाही.

मी मान वर केली तेव्हा तो माझ्याकडंच बघत होता. म्हणाला, "कळलं का सिस्टर?"

मी स्टेथो बिघडलाय असं काहीतरी पुटपुटले आणि बाहेर आले. मशीन चुकू शकतं. मी चुकू शकते. दोन वर्षं आयसीयू केलेली मुलगी मेलेला माणूस ओळखू शकत नाही, असं तर होणार नाही ना?

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. सगळी वस्ती बूथवर. दुपारभर मी आणि तो, दोघंच.

आज त्यानं स्वतःहून सांगितलं, अडखळत, मध्ये मध्ये श्वास गोळा करत. आषाढात एका दुपारी त्याला अंगातून सुटल्यासारखं वाटलं. दुखणं संपलं. खूप बरं वाटत होतं, म्हणाला, पोहून दमल्यावर पाण्यावर उताणं पडतो तसं. मग पाठीत काहीतरी गार भरलं गेलं आणि कुणीतरी खेचून आणल्यासारखा तो परत ह्या खाटेवर आला. आई पाठीशी बसून जखमेत पाला भरत होती. आपला मुलगा गेलाय हे तिला कळलं होतं, तरी ती भरत राहिली होती.

त्याला दुखत नाही. भूक नाही, झोप नाही. दिवसरात्र तो छताकडं बघत जागा असतो. आत सगळं थांबलंय आणि तो मात्र थांबलेला नाही, असं म्हणाला. तो रडला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणीच नाही.

शेवटी म्हणाला, "सिस्टर, मला जाळा. आई न्हाई जाळणार. तुम्ही जाळा."

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काकींना सगळं सांगितलं. हात जोडले. त्या पाट्यावर पाला वाटत होत्या, वरवंटा थांबला नाही.

"मला कळत न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "मी त्याला न्हाऊ घालते रोज. त्याच्या अंगाला ऊब न्हाई हे आईच्या हाताला कळत न्हाई? पण बोलतोय की माझ्याशी. आई म्हणतोय. तू दे मला दुसरं कायतरी, मंग मी हे टाकते नदीत."

माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. काका बूथचे आकडे घेऊन फोनवर. त्यांना सांगायला गेले तर मधेच तोडून म्हणाले, पोरगं सुधारतंय, जखमा भरल्यात, तुम्ही तुमचं काम करा. त्यांना ऐकायचंच नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

शेवटी एक थाप मारली. काकांना म्हटलं, दौंडच्या डॉक्टरांना एकदा दाखवू, फिजिओ सुरू करता येईल. चालेल म्हणाले. मला वाटलं होतं, कुणीतरी डॉक्टर बघेल, मेल्याचा दाखला देईल, आणि हे संपेल.

भाड्याची ॲम्ब्युलन्स. मागं मी आणि काकी. पुलाच्या मध्यावर आलो आणि सत्यजीत ओरडायला लागला. आजवर इतकं ओरडणं मी कुठल्या वॉर्डात ऐकलं नव्हतं. मी त्याला कुशीवर वळवलं. ती पांढरी कातडी शिवण उसवल्यासारखी उघडत होती. आत जुलैतली जखम होती तशीच होती. अपघाताचे टाके सुटले. मांडी उघडली. रक्ताचा थेंब नाही. ड्रायव्हर दार उघडून रस्त्यावर ओकला.

काकी एकच शब्द ओरडत होत्या: मागं, मागं, मागं.

जाळीपाशी नेऊन त्याला उतरवलं. काकींनी ओच्यात पाला ओरबाडला. हात सोलवटले त्यांचे. पाला जखमांत भरला आणि सत्यजीत शांत झाला. सगळीकडं शांत.

काकांनी पाहिलं. पायरीवर बसून राहिले. नंतर मला म्हणाले की आता हा विषय घरात काढायचा नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

बयाबाईला गाठलं. गोठ्यात, शेण काढत होती. मी म्हटलं, मावशी, खरं सांगा.

तिनं सांगितलं. पांढरफळी माळावर कुठंही उगवते, ती साधी, जखम भरून बरी करते. ह्या जाळीचं तसं नाही. तिच्या तरुणपणी रोग आला आणि कळप मरायला लागला. तिच्या सासऱ्यानं नदीकाठच्या ह्याच जाळीचा पाला वाटून फोडांत भरला. मेंढरं मेली नाहीत. पण व्यायली नाहीत, चरली नाहीत, बें केलं नाही. दिवसभर जाळीला अंग घासत उभी राहायची. कुत्री त्यांच्याजवळ जाईनात. एका सकाळी घरातली सगळी माणसं बिऱ्हाड उचलून निघून गेली, मेंढरं तिथंच सोडून. "मागं वळून बघितलं न्हाई आम्ही. त्यांचं काय झालं म्हायती न्हाई," ती म्हणाली. त्यानंतर त्यांनी कधी कळप ठेवला नाही. खूप वर्षांनी तिचा नवरा परत इथंच शेतावर कामाला लागला.

मग वैनीला का सांगितलंत, मी विचारलं.

"पाय धरले की गं तिनं माझं. आई हाय ती. मला वाटलं नुसता किडा मरंल."

मी माझा अंगठा पुढं केला. विचारलं, माझं काय होईल? तिनं पदर तोंडाला लावला.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

कांदा चिरताना विळी लागली. डाव्या तर्जनीला, चांगली खोल. दुखलं नाही. रक्त आलं नाही. आतलं मांस पांढुरकं दिसत होतं.

डाव्या मनगटाला नाडी नाही. उजव्याला आहे, मंद.

मी फळं पण खाल्ली आहेत. रोज वाटीभर. कालपासून दुसरं काही जात नाही. भाकरीचा वास नको वाटतो.

३० नोव्हेंबर, शनिवार

पळाले. बॅग न घेता, पहाटे काकी जाळीकडं गेल्या तेव्हा. ऊसतोडीचा ट्रॅक्टर पुलाकडं चालला होता, ड्रायव्हर बीडकडचा, त्यानं बसू दिलं.

पूल सुरू झाला तेव्हा अंगठ्यात काटा घुसला. तोच काटा, तीच जागा, पण पहिल्यापेक्षा कितीतरी — मी शुद्धीत होते हेच वाईट. मध्यावर येईस्तोवर अंगठा फाटला, मग तळवा, मनगटापर्यंत. मी ट्रॅक्टरवरून उडी टाकली. पलीकडचा काठ दिसत होता. आमचा तालुका. तिथून तासाभरावर आई.

मागं फिरले. धावतच.

काकी जाळीपाशीच उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. हात मीच पुढं केला.

४ डिसेंबर

आईचा फोन. आवाज बारीक का येतोय म्हणाली. सर्दी आहे म्हटलं. बोलण्याआधी श्वास घ्यावा लागतो, हे आता लक्षात ठेवावं लागतं. न्यायला भावाला पाठवते म्हणाली. नको म्हटलं. इथं कुणीच यायला नको. एखादा काटा लागेल, आणि काकी लगेच —

दोन्ही मनगटं शांत. छातीतही.

झोप येत नाही. सत्यजीत खालच्या खोलीत जागा असतो, मी बरोबर त्याच्या वरच्या खोलीत. कधी कधी तो भिंतीवर टकटक करतो. मीही करते.

६ डिसेंबर

त्याच्याशी बोलले. उद्या चंपाषष्ठी. काका-काकी गावात खंडोबाला तळी भरायला जातील. तोच एक दिवस आहे.

मी त्याला जाळू शकत नाही. मी नर्स आहे. जिवंत डोळ्यांनी बघणाऱ्या माणसाला कसं पेटवू? पण जाळी पेटवू शकते. पाला नसेल तर हे सुटेल. तो सुटेल, मीही. तो म्हणाला, चालेल सिस्टर.

आईसाठी वेगळं पान लिहिलं होतं. फाडलं. काय लिहिणार.

७ डिसेंबर, चंपाषष्ठी

केलं.

बयाबाईनं उसाचं वाळलेलं पाचट आणून दिलं, डोक्यावरून, खेपा घालून. ट्रॅक्टरचं डिझेल मी ओतलं. पेटवायच्या आधी तिनं जाळीवर भंडारा उधळला आणि पाया पडली. भर दुपारी. ओली जाळी, पण पाचटानं धरली. फळं तडतड फुटत होती. बुलबुल घिरट्या घालत ओरडत होते.

आम्ही बघत उभ्या राहिलो. बयाबाई रडत होती. मला हलकं वाटत होतं. घरात येऊन सत्यजीतचा हात धरून बसले. दोघं वाट बघत होतो. तो हसला, पहिल्यांदाच. म्हणाला, आता पाण्यावर पडल्यासारखं वाटंल बघा.

काकी आल्या. धूर बघून किंचाळत नदीकडं धावल्या. आम्ही हात सोडला नाही.

८ डिसेंबर

तो गेला नाही.

पहाटे पाठ उघडली. मग मांडी. मग डोकं, टाक्यांच्या रेषेवर. तो ओरडतोय. थांबत नाही. दमत नाही. त्याला दमायला काही उरलेलंच नाही. जाळीनं फक्त दुखणं झाकून ठेवलं होतं. परत द्यायला मरण तिच्याकडं नव्हतंच. ते तिनं कधीच

चूक केली. मी चूक केली.

काकांनी हॉलमध्ये टीव्ही मोठा लावलाय.

माझा अंगठा सुरू झाला.

९ डिसें.

कोपरापर्यंत. तर्जनी पण. लहानपणी गुडघा फुटला होता तोही — सगळं, अंगावर कधीही झालेलं सगळं —

बयाबाई वस्ती सोडून गेली. बिऱ्हाड उचलून. मागं बघितलं नसेल.

सत्यजीतला वरूनच ओरडून म्हटलं, आता जाळते तुला. खरंच जाळते. उठता येईना. काडीपेटी हातातून पडते. तो ऐकत नाही आता. नुसता आवाज.

माळावरचा पाला आणला काकांनी. पोतंभर. साधा. काहीच होत नाही त्यानं. काहीच.

काकी दोन दिवस राखेत बसल्यात. हातानं उकरतायत.

१०

वरच्या मजल्यापर्यंत ऐकू येतंय. काकी ओरडतायत. सापडली म्हणतायत. पाण्याच्या अंगाला, दरडीखाली, एक फांदी — जळाली नाही. हिरवी.

देवा.

पाटा घासल्याचा आवाज.

खिडकीतून बघितलं. मूठभरच आहे. एका मुठीपेक्षा कमी. त्याची पाठ त्यात भरणार नाही. माझा हात भरेल. माझा एक हात नक्की भरेल.

जिना उतरतेय. बसून, एक एक पायरी. डायरी का घेतली कळत नाही. वाटी घेऊन त्या त्याच्या खोलीकडं चालल्यात. तो आई आई करतोय. काकी, इकडं. काकी मी आहे इथं. तुमची लेक म्हणालात ना. आधी मला. त्याला नको, तो राहू दे तसाच, त्याला सवय आहे, मला लावा, आधी मला, त्याचं तोंड बंद करा आणि मला —